सुरक्षित खाणीतूनही मिथेन सुटतो : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात भूमिगत कोळसा खाणींच्या वायुवीजनावर लिहिताना मी एक वाक्य ओझरतं टाकलं होतं : खाणीतून बाहेर पडणारा मिथेन आता उपग्रहावरून मोजला जातो. या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रं त्या एका वाक्यावर आहेत. माझी सगळी नोकरी खाणीतली हवा खेळती ठेवण्यात गेली, आधी झारखंडातल्या झरियात आणि मग वर्धा खोऱ्यात. त्यामुळे हा विषय निघाला याचा मला मनापासून आनंद आहे. निवडक प्रश्न घेतो.

मिथेनला रंग नाही, वास नाही. मग शेकडो किलोमीटरवरून तो दिसतो कसा? आठवीच्या मुलांना समजेल असं सांगाल का?
– एक शिक्षिका, वणी

बाई, मिथेन बेरंग आहे तो फक्त आपल्या डोळ्यांना. उन्हात आपल्याला न दिसणाऱ्या अवरक्त लहरीही असतात आणि त्यांतल्या काही ठरावीक लहरी मिथेनचा रेणू शोषून घेतो. १.६५ आणि २.३ मायक्रोमीटरच्या आसपास हे शोषण चांगलं पकडता येतं. ऊन हवेतून खाली येतं, जमिनीवर आपटून परत वर जातं. या जाण्यायेण्यात जितका मिथेन वाटेत आला तितक्या त्या लहरी फिक्या पडतात. उपग्रहावरचं उपकरण परत आलेला प्रकाश बारीक बारीक पट्ट्यांत फोडतं आणि कोणती पट्टी किती फिकी झाली ते बघतं. पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइडही आसपासच्या लहरी शोषतात, पण प्रत्येकाच्या रेघांची ठेवण वेगळी असते, म्हणून त्यांना वेगळं काढता येतं.

मुलांना मर्यादाही जरूर सांगा. हे काम उन्हावर चालतं, त्यामुळे रात्री काही दिसत नाही आणि ढगांखालचंही दिसत नाही. काळ्या कोळशाच्या ढिगावरून किंवा पाणी भरलेल्या खदानीवरून प्रकाश फार कमी परततो, तिथे मोजमाप कच्चं राहतं.

हे उपग्रह ढोबळमानाने दोन प्रकारचे आहेत. युरोपचा सेंटिनेल-५पी ऑक्टोबर २०१७ मध्ये ८२४ किलोमीटर उंचीवर गेला. त्यावरचं ट्रोपोमी हे उपकरण रोज जवळजवळ सगळी पृथ्वी पाहतं, पण त्याच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा साडेपाच बाय सात किलोमीटरचा तुकडा. तालुक्यात कुठेतरी वायू जास्त आहे इतकं ते सांगतं, कोणत्या खाणीतून ते सांगताना अडखळतं. दुसऱ्या प्रकारचे उपग्रह थोडाच भाग पाहतात पण बारकाईने पाहतात. कॅनडाच्या जीएचजीसॅट कंपनीचे उपग्रह साधारण २५ मीटरपर्यंत जातात, इटलीचा प्रिझ्मा आणि जर्मनीचा एनमॅप ३० मीटरपर्यंत. पहिल्याने संशयाची जागा दाखवायची आणि दुसऱ्याने खाणीतली हवा बाहेर टाकणारा नेमका पंखा किंवा पाइप शोधायचा, अशी कामाची वाटणी आहे.

वर्गात एक गोष्ट आवर्जून सांगा. जीएचजीसॅटचा पहिला प्रायोगिक उपग्रह, क्लेअर, २२ जून २०१६ ला श्रीहरिकोट्याहून आपल्या पीएसएलव्ही-सी३४ ने वर नेला. त्याच उड्डाणात पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला 'स्वयम्' हा छोटा उपग्रहही होता. मिथेनचा एकेक स्रोत वेगळा पाहण्यासाठी बनवलेला उपग्रह आणि पुण्याच्या मुलांचा उपग्रह एकाच अग्निबाणातून गेले, हे आठवीतल्या मुलांना कळायलाच हवं.

साहेब, मी पस्तीस वर्षं खाणीत काढली, शेवटी ओव्हरमन, म्हणजे पाळीवर देखरेख करणारा, होतो. आमच्या पाळीत गॅसची टक्केवारी कधी हद्दीबाहेर गेली नाही. रजिस्टर साक्षीला आहे. मग अशा खाणीला 'मोठा उत्सर्जक' म्हणणं अन्याय नाही का?
– एक निवृत्त ओव्हरमन, चंद्रपूर

तुमचं रजिस्टर खरं आहे आणि उपग्रहाचं चित्रही खरं असू शकतं. हे नीट समजावून सांगायला जागा लागेल, पण या सगळ्या विषयाचं मर्म इथेच आहे.

तुम्ही आणि मी आयुष्यभर टक्केवारी मोजली. हवेत मिथेन साधारण ५ ते १५ टक्के असला की ठिणगी पुरते. म्हणून आपल्या कायद्याने हद्दी फार खाली ठेवल्या आहेत : परतीच्या, म्हणजे खाणीत फिरून बाहेर निघालेल्या हवेत ०.७५ टक्के, आणि खाणीत कुठेही १.२५ टक्के. सेफ्टी लॅम्पची वात बारीक करून तुम्ही फेसवर, म्हणजे जिथे कोळसा काढला जातो तिथे, छताशी हळूहळू वर नेत होतात, आणि ज्योतीवर मिथेनची ती फिकट निळी टोपी धरते का ते श्वास रोखून बघत होतात. सव्वा टक्क्याच्या आसपास ती जेमतेम दिसू लागते, ओळखायला नजर तयार असावी लागते. पुढे मेथेनोमीटर आले आणि आकडा थेट दिसू लागला. लॅम्प काय किंवा मीटर काय, प्रश्न एकच होता : इथे, आत्ता, माणूस सुरक्षित आहे का? २८ मे १९६५ ला धोरी कोलियरीतल्या स्फोटात २६८ माणसं गेली, हे माहीत असलेल्या कुणालाही तो प्रश्न लहान वाटणार नाही.

उपग्रहाचा प्रश्न वेगळा आहे. तो विचारतो, तासाला किती किलो मिथेन आकाशात गेला?

एक हिशेब मांडू. समजा, मोठ्या खाणीचा मुख्य पंखा मिनिटाला १२,००० घनमीटर हवा ओढतो, म्हणजे सेकंदाला २००. परतीच्या हवेत मिथेन अर्धा टक्का. कायद्याने एकदम ठीक, कुणी शेरा मारणार नाही. पण अर्धा टक्का म्हणजे सेकंदाला एक घनमीटर शुद्ध मिथेन. त्याचं वजन साधारण दोन तृतीयांश किलो. तासाला झाले सुमारे २,४०० किलो, आणि पंखा वर्षभर चालतो, तेव्हा वर्षाला वीस हजार टनांच्या वर. आता गॅस वाढतोय असं वाटून तुम्ही हवा दुप्पट केलीत. टक्केवारी पाव टक्क्यावर आली, रजिस्टर आणखी सुंदर दिसू लागलं. वर जाणारा मिथेन मात्र तितकाच राहिला, एक ग्रॅमही कमी झाला नाही. वायुवीजनाचं कामच गॅस पातळ करून बाहेर घालवणं हे आहे. ते आपण इमानदारीने केलं आणि त्याने माणसं जगली.

हिवाळ्याच्या पहाटे चानकाच्या, म्हणजे खाणीच्या उभ्या विहिरीच्या, पंखाघराबाहेर उभं राहिलात, तर चानकाच्या तोंडातून पांढरे लोट उठताना तुम्ही पाहिले असतील. ती पाण्याची वाफ. खालची दमट, कोमट हवा थंडीत आली की दिसू लागते, आणि ऊन चढलं की दिसेनाशी होते. मिथेन दोन्ही वेळा तिथेच असतो. नेमकं तेच तोंड बारीक नजरेच्या उपग्रहाला चित्रात सापडतं, त्यातून वाऱ्याच्या दिशेने लांबलेला मिथेनचा पट्टा दिसतो.

तेव्हा यात तुमच्यावर ठपका नाही. ठपका असलाच तर पुढच्या पायरीकडे दुर्लक्ष केल्याचा आहे. कोळसा काढण्याआधी थरात भोकं पाडून गॅस खेचून घेता येतो. तो पुरेसा दाट असतो आणि त्यावर इंजिन चालतं. झरियातल्या मुनिडीह खाणीत असा प्रयोग होऊन गॅसपासून वीज तयार केली गेली आहे. पंख्यातून येणारा पातळ गॅस आपोआप पेटत नाही, पण सिरॅमिकच्या तापवलेल्या थरातून ती हवा नेली तर तोही जाळता येतो. जळला की त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो, जो उष्णता धरण्यात मिथेनपेक्षा फार दुबळा आहे. ही यंत्रं जगात चालू आहेत. ती बसवायची तर आधी कुणीतरी टनांत हिशेब मागायला हवा, आणि टक्केवारीच्या रजिस्टरातून तो प्रश्न कधी उठतच नाही.

मिथेन इतका महत्त्वाचा का? कोळसा जाळल्यावर निघणारा कार्बन डायऑक्साइड त्याच्या कितीतरी पट आहे ना?
– सातारा

आहे. पण २० वर्षांच्या हिशेबात एक टन मिथेन एक टन कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटींहून जास्त उष्णता धरतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबातही जवळजवळ ३० पट. तो हवेत टिकतो साधारण दशकभर. म्हणजे आज कमी केला तर फरक आपल्याच हयातीत दिसतो. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजाने जगातल्या कोळसा खाणींतून वर्षाला सुमारे चार कोटी टन मिथेन सुटतो.

मी ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमध्ये मॅकाय इथे राहतो, खाणींना यंत्रं पुरवणाऱ्या उद्योगात आहे. इथे हेल क्रीक खाणीबद्दल उपग्रहाचे आकडे आले तेव्हा सहकारी म्हणाले, उघड्या खाणीला पंखाच नाही, मग गॅस मोजणार कुठे? उपग्रहाचा अंदाज हवेतलाच. तुमचं मत?
– एक अभियंता, मूळचे नाशिकचे

तुम्ही राहता तिथून आत गेलं की बोवेन खोरं लागतं, आणि उपग्रहाने काय शिकवलं याचं सगळ्यात बोलकं उदाहरण तिथलंच आहे. २०२१ मध्ये एक शोधनिबंध आला. मुख्य लेखक पंकज सदावर्ते आणि काम नेदरलँड्सच्या अवकाश संशोधन संस्थेतलं. त्यांनी ट्रोपोमीची २०१८ आणि २०१९ अशी दोन वर्षांची निरीक्षणं घेतली. तीन ठिकाणी मिळून सहा खाणी होत्या. त्यांतून वर्षाला सुमारे ५ लाख ७० हजार टन मिथेन सुटतो असं निघालं, अधिकउणे ९८ हजार. ऑस्ट्रेलियाच्या कोळशात या सहा खाणींचा वाटा होता ७ टक्के. पण देशाने कोळसा खाणकामाचा म्हणून जो मिथेन कागदावर दाखवला होता, त्याच्या ५५ टक्क्यांएवढा एकट्या या सहांतून निघत होता. आणि सहांच्या बेरजेतला ४० टक्के हेल क्रीक या एकाच खाणीचा, जी उघडी खाण आहे.

खाणीतल्या कुणालाही हे वाचून धक्का बसेल, मलाही बसला. आम्ही शिकलो ते असं, की गॅस म्हणजे खोल भूमिगत खाणीचा प्रश्न. उघड्या खाणीत हवा मोकळी, धोका नाही, म्हणून मोजायची गरज नाही. पण थर गॅसने भरलेला असेल तर वरची माती-दगड काढताच दाब उतरतो. मग कोळशातून, भेगांतून, शेजारच्या न काढलेल्या थरांतूनही गॅस कित्येक चौरस किलोमीटरवर पसरून वर येतो. त्याला एक तोंड नसतं. म्हणूनच जमिनीवर उभं राहून तो मोजणं कठीण, आणि वरून मोजणं सोपं.

मग खाणी सरकारला काय कळवत होत्या? उघड्या खाणींना पूर्ण राज्यासाठी ठरवलेला एक सरासरी गुणक वापरायची मुभा होती. इतके टन कोळसा, गुणिले इतका गॅस. हे मोजमाप नव्हे, गुणाकार आहे. गॅस कमी असलेल्या खाणीवर त्याने अन्याय होतो आणि गॅसने भरलेली खाण त्याच्या आड लपते. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलिया सरकारने मोठ्या उघड्या खाणींसाठी ही पद्धत टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरवलं. मला ते योग्य वाटतं.

आता 'हवेतला अंदाज' या आक्षेपाबद्दल. चित्रातून आकडा कसा निघतो ते सांगतो, मग सहकाऱ्यांनाच ठरवू द्या. समजा, बारीक नजरेच्या उपग्रहाने पाहिलेला पट्टा ३ किलोमीटर लांब आहे आणि त्यात आजूबाजूपेक्षा २ टन मिथेन जास्त आहे. वारा सेकंदाला ३ मीटर. म्हणजे एवढा पट्टा तयार व्हायला १,००० सेकंद लागले. १,००० सेकंदांत २ टन, तर तासाला सुमारे ७ टन. प्रत्यक्षातली गणितं याहून काटेकोर असतात, पण गाभा हाच. इथली खरी कच्ची बाजू वारा आहे. वाऱ्याचा वेग दीडपट चुकला तर उत्तरही दीडपट चुकतं. एका दिवसाच्या एका चित्रावर मीही फार भरवसा ठेवणार नाही. पण सदावर्ते आणि सहकाऱ्यांनी दोन वर्षांतले निरभ्र दिवस घेतले, वाऱ्याचं प्रतिमान घेतलं आणि चूक किती असू शकते तेही आकड्यासोबत छापलं. ज्यांना हा आकडा पटत नाही त्यांनी विमानातून मोजावं, जमिनीवरून मोजावं आणि आपला आकडा तितक्याच उघडपणे मांडावा. मोजमापाला उत्तर मोजमापानेच द्यावं लागतं, गुणकाने नाही.

उपग्रहाने आधीच इशारा दिला तर स्फोट टळतील का?
– नागपूर

नाही, आणि असा भ्रम कुणी पसरवू नये. उपग्रह दिवसातून एकदा किंवा आठवड्यांतून एकदा वरून जातो. आतल्या फेसवर किंवा गोफमध्ये, म्हणजे कोळसा काढल्यावर मागे उरलेल्या पोकळीत, गॅस साचून घात व्हायला काही मिनिटं पुरतात. तिथे माणसाच्या हातातला मीटर, बसवलेले सेन्सर आणि काम थांबवायचं धाडस असलेला सिरदार, म्हणजे कामगारांवर देखरेख करणारा, यांना पर्याय नाही.

तरी एक उदाहरण मनात घर करून आहे. रशियाच्या कुझबास भागातल्या रास्पाद्स्काया खाणीत मे २०१० मध्ये स्फोट झाला. आत अडकलेल्यांना काढायला बचाव पथकं उतरली आणि काही तासांनी दुसरा स्फोट झाला. ९१ माणसं गेली. त्याच खाणीवर १४ जानेवारी २०२२ ला जीएचजीसॅटच्या उपग्रहाने एकाच फेरीत मिथेनचे १३ वेगवेगळे पट्टे टिपले, मिळून तासाला जवळजवळ ९० टन. एवढा गॅस बाहेर काढणं खाणकामगारांच्या दृष्टीने चांगलंच, तो आत राहण्यापेक्षा बाहेर बरा. पण ज्या थरांत इतका गॅस आहे तिथे तो कोळशाच्या आधी खेचून वापरला, तर खाली माणूस सुरक्षित राहतो आणि वर हवाही. माझ्या नोकरीत हा मुद्दा मी बैठकांत मांडला की उत्तर मिळायचं, पैसे कोळशाचे मिळतात, गॅसचे नाही. त्या उत्तराचा राग मला आजही येतो.

विदर्भातल्या खाणी उपग्रहाला दिसतात का? आणि भारतात इतरत्र?
– उमरेड

आपल्या वर्धा खोऱ्यातला बराच कोळसा उथळ आहे, गॅस कमी आहे, आणि खाणी बहुतांश उघड्या आहेत. बारीक नजरेच्या उपग्रहाला एकेक स्रोत दिसायला साधारण तासाला शंभर किलो तरी लागतो, ट्रोपोमीला एखादा पट्टा उठून दिसायला तर काही टन. त्याखालचं दिसत नाही. म्हणून नकाशावर उमरेड किंवा बल्लारपूर कोरं दिसलं तर तिथून शून्य मिथेन सुटतो असं समजू नका. अशा ठिकाणी जमिनीवरूनच मोजायला हवं.

झरियाची गोष्ट वेगळी. आपल्या नियमांत थरांच्या तीन श्रेणी आहेत. एक टन कोळशामागे एक घनमीटरपर्यंत गॅस सुटला तर पहिली, दहापर्यंत दुसरी, त्याहून जास्त तर तिसरी. मुनिडीह तिसरीत येते. पण झरियात खाणी एकमेकींना चिकटून आहेत, १९१६ पासून जमिनीखाली आगी जळताहेत आणि भोवती दाट वस्ती आहे. तिथे पट्टा दिसला तरी तो नेमका कुणाचा हे सांगणं अवघड. शिवाय पावसाळ्याचे चार महिने ढगांत जातात. मिथेन कमी करण्याच्या जागतिक मिथेन प्रतिज्ञेवर भारताची सही नाही. त्या वादात मी इथे शिरत नाही. पण सही असो वा नसो, आपल्या तिसऱ्या श्रेणीच्या खाणींच्या पंख्यातून तासाला किती किलो मिथेन जातो, हे आपणच मोजून जाहीर करायला काय हरकत आहे? हवेचं माप रजिस्टरात आहे, टक्केवारी रजिस्टरात आहे. फक्त गुणाकार करायचा बाकी आहे, आणि हा गुणाकार मोजलेल्या आकड्यांचा असेल.

मिथेन मोजणारा मिथेनसॅट उपग्रह हरवला असं वाचलं. मग सगळं थांबलं का?
– डोंबिवली

नाही. मिथेनसॅट मार्च २०२४ मध्ये गेला आणि जून २०२५ मध्ये त्याच्याशी संपर्क तुटला. नुकसान मोठं आहे, कारण विस्तीर्ण भाग बऱ्यापैकी बारकाईने पाहण्याची त्याची खासियत होती. पण ट्रोपोमी चालू आहे, ऑगस्ट २०२४ मध्ये गेलेला टॅनेजर-१ उपग्रह आहे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर ईमिट हे उपकरण आहे, जे खरं तर वाळवंटी धुळीतली खनिजं ओळखायला २०२२ मध्ये बसवलं आणि मिथेनही छान पकडू लागलं.

मी भूगोलात एम.एस्सी. करते. घरच्या संगणकावर हे शोधता येईल का?
– एक विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर

नक्की येईल, आणि करच. सेंटिनेल-५पीची मिथेनची माहिती युरोपच्या कोपर्निकस कार्यक्रमातून मोफत मिळते. प्रत्येक ठिपक्यासोबत गुणवत्तेचा आकडा येतो, ०.५ पेक्षा कमी असलेले ठिपके टाकून दे, नाहीतर ढगांच्या कडाच तुला मिथेन वाटतील. मोठी गळती बारकाईने पाहायची तर सेंटिनेल-२ या युरोपच्याच उपग्रहाचे ११ आणि १२ क्रमांकाचे बँड, म्हणजे लहरींचे ठरावीक तुकडे, घे. १२ व्या बँडमधला प्रकाश मिथेन जास्त शोषतो, त्यामुळे दोघांची तुलना वेगवेगळ्या दिवशी केलीस तर मोठा पट्टा उठून येतो. काळी छपरं, पाण्याची डबकी आणि कोळशाचे ढीग फसवतात, म्हणून सोबत साधं रंगीत चित्र उघडं ठेव आणि त्या वेळचा वारा तपास. दिसलेला पट्टा वाऱ्याच्या दिशेने जात नसेल तर तो मिथेन नाही. सुरुवात बोवेन खोऱ्यापासून कर, कारण तिथे तुझं उत्तर ताडून पाहायला छापील आकडे आहेत. तिथे हात बसला की झरियाची ऑक्टोबर ते मेपर्यंतची निरभ्र दिवसांची चित्रं घे, आणि जे निघेल ते मला पाठव. पंख्यांच्या जागा नकाशावर लावायला मी मदत करीन.